टपावरचं कुंकू

गाडी आमची नव्हती. एवढं एक वाक्य दसऱ्याच्या सकाळी माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विक्रांत पक्का पुण्याचा. दसऱ्याला वाहनाची पूजा झाली नाही तर त्याला घास उतरत नाही, आणि सिंगापूरला आल्यापासून बिचाऱ्याकडे वाहनच नाही. दरवर्षी लॅपटॉपला झेंडू आणि आमच्या लेकीच्या, ऋताच्या, पायाने ढकलायच्या स्कूटरला हार, यावर भागवायचा. यंदा मात्र खाली कार पार्कमध्ये एक खरीखुरी मोटार उभी होती आणि तिची किल्ली आमच्या शू-रॅकवर होती.

मोटार समोरच्या फ्लॅटमधल्या ओंग आंटींची. म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. जुनी मॉरिस, वर दुमडता येणारा बदामी कापडाचा टप. ओंग अंकलना जाऊन वर्ष होत आलं होतं. आंटी रविवारी सकाळी एकट्याच खाली जात, ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि एक हात वर टपाला टेकवून डोळे मिटत. खांदा मोकळा करत असतील, असं मला वाटे.

मुलीकडे मेलबर्नला जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मधूनमधून इंजिन चालू करा लाह. वर्ष पूर्ण होतं त्या रविवारी विक्रांत मला याच गाडीतून त्याच्याकडे नेईल." इथल्या बोलीतलं ते 'लाह' त्यांच्या वाक्याला चिकटलेलंच असे. त्याच्याकडे म्हणजे जिथे अंकलच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे.

मी ऑफिसात अडकले की ऋताला शाळेतून आणून गरम भात भरवणारी ही बाई. आमच्या या तोआ पायोह वस्तीत मला माहेर आहे ते तिच्या दारात. आणि त्या दारावर यंदा चायनीज न्यू इयरलासुद्धा लाल कागद लागला नव्हता. दुःखाच्या वर्षात लाल काही नको, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी श्रीखंडाचा चक्का फेटत होते, तेवढ्यात ऋता वर आली. "आई, बाबा ड्रॉइंग ऑन आंटीज कार लेह."

रंगावर ओरखडा उठू नये म्हणून विक्रांतने बॉनेटला हातही लावला नव्हता. त्याने ओल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक टपावर काढलं होतं, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर. चार ठिपके हळदीचे. मी ओरडत खाली पोचेपर्यंत त्याने ते भांड्यांच्या साबणाने घासायलाही घेतलं होतं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वन-नॉर्थच्या चकचकीत ऑफिसातल्या या मॅनेजरला नव्हतं. स्वस्तिक गेलं नाहीच, वर भोवती लाल ढग पसरला, आणि ब्रशच्या जोराने शिवणीचा जुना दोरा तुटला.

त्या दिवशी श्रीखंड कुणी खाल्लं नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. जवळच्या सीटकव्हरवाल्याने टपाकडे पाहिलं न पाहिलं आणि काळ्या प्लास्टिकचा नवा बसवतो म्हणाला. दुसऱ्याने जुन्या कापडाला हातच लावायला नकार दिला. आंटी शनिवारी उतरणार होत्या.  शेवटी जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कुणीतरी आंग मो किओ भागातल्या हाशिम नावाच्या कारागिराचा पत्ता दिला.

हाशिमच्या गाळ्यात दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या. त्याने आमच्याशी बोलण्याआधी शिवणीवरून नख फिरवलं, आतून तळवा लावून कापड ताणून पाहिलं, कोपऱ्याची घडी उलगडली. हे काम येणारा माणूस आहे, एवढं मला तेवढ्यावरून कळलं.

"लाल निघणार नाही," तो म्हणाला. "साबणाने पक्कं करून टाकलंय. पण याच विणीचं, याच रंगाचं कापड आहे माझ्याकडे. जुना टप उसवून तुकडे करायचे, त्यांच्या मापाने नवा कापायचा. शुक्रवारी न्या. मालकिणीला कळायचं नाही."

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हणाले. लबाडी होती, ठाऊक होतं मला. पण त्या बाईला लाल डाग दाखवण्यापेक्षा लबाडी परवडली.

हाशिम गाडीत शिरला, वरच्या खिट्ट्या काढल्या, कात्रीचं टोक शिवणीत घातलं. आणि थांबला.

"हा आतला डाग तुमचा नाही. जुना आहे. केसांच्या तेलाचा. चालवणारा उंच होता का?"

मी वाकून आत पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटच्या वर, कापडावर, तळहाताएवढा काळपट गोल होता. ओंग अंकल उंच होते. या बुटक्या गाडीत त्यांचं डोकं टपाला लागायचं. आंटी रविवारी हात टेकवायच्या तो इथेच.

"थांबा! कापू नका!"

"अगं, मग बाहेरचं लाल?" विक्रांत कासावीस झाला.

"एकच पदर आहे," हाशिम म्हणाला. "बाहेर लाल, आत तेल. ठेवायचं तर दोन्ही, काढायचं तर दोन्ही. लवकर सांगा, माझी दुसरी गाडी खोळंबलीय."

कात्रीचं टोक अजून शिवणीतच होतं.  कापलं तर आंटींना रविवारी काही दिसणार नव्हतं. पण त्या हात वर करणार होत्या.

"फक्त तुटलेली शिवण घाला," मी म्हणाले.

"त्यांना काय सांगणार तू?" विक्रांतने विचारलं.

"खरं. तू नुसता गप्प उभा राहा."

रविवारी आंटी पांढरा ब्लाउज घालून, शेवंतीची फुलं घेऊन खाली आल्या. गाडीपाशी आल्या आणि थबकल्या. मी सगळं सांगितलं. पूजा, कुंकू, साबण, शिवण, नवं कापड, मी म्हटलेलं हो. हाशिमला थांबवलं ते सांगणार, तोच त्यांच्याकडे लक्ष गेलं. आंटींचा चेहरा पांढराफटक पडला होता. फुलांचा कागद त्यांच्या मुठीत चुरगळत होता.

"आजच्या दिवशी लाल," त्या एवढंच म्हणाल्या.

"सॉरी आंटी," विक्रांत पुटपुटला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर नव्या दोऱ्यावर होती.

"त्या कारागिराने काही बदललं?" त्यांनी विचारलं. "आतून कापड बदललं?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि हात वर नेला. बोटं चाचपडली, सरकली, त्या तेलकट गोलावर थांबली. मग त्या रडू लागल्या. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी डोळे पुसले. विक्रांतवरचा राग उतरला नव्हता. त्याच्याकडे न बघताच त्या शेजारच्या सीटवर सरकल्या आणि त्याला गाडी काढायला सांगितलं. मी मागे बसू लागले तसा त्यांनी माझा हात धरला, ओढून वर नेला आणि त्या काळपट गोलावर टेकवला.

"अंकलला हाय म्हण लाह," आंटी म्हणाल्या.