आत्याचा रोट

आमच्या बाबांनी, म्हणजे शांतारामांनी, गोव्यातल्या सुर्ल्याच्या खाणीवर उभी हयात ट्रक चालवला. एकदा उतारावर ब्रेक गेला तेव्हाही ते डगमगले नाहीत. पण टीव्हीवर पैंजण वाजले की पाय खुर्चीवर घेऊन बसतात.

मालिकेतली हडळ मोठी देखणी. केस मोकळे, ओठ लाल, आणि वाटेत पुरुष दिसला की गोड हसते. एवढाच तिचा गुन्हा. जो बायकोपोरं सोडून, कुंपण ओलांडून तिच्या मागे धावतो तो मात्र बिचारा. शेवटी मांत्रिक तिला बाटलीत कोंडतो आणि बिचारा घरी जाऊन गरम गरम जेवतो. बाटलीत त्यालाच घालायला हवं, असं मी म्हटलं, तर बाबा म्हणाले, गप्प बस, जाहिरात संपली.

तोवर मला हसू येत होतं. पण गेल्या आठवड्यात हडळीने कारखान्यातून उशिरा परतणाऱ्या मुलीला धरलं आणि बाबांनी माझी सेकंड शिफ्ट बंद करायचं ठरवलं. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शिफ्ट सोडायची म्हणजे नोकरीच सोडायची. नोकरी मला आवडते, आणि खरं सांगायचं तर इब्रामपूरला, आमच्या गावी, परतायचा रस्ता त्याहून आवडतो. काजूच्या बागा लागल्या की मी स्कूटर थांबवते, हेल्मेट काढते, केस मोकळे सोडते आणि मोठ्याने गाते. हे घरी कळलं असतं तर मांत्रिकच आला असता.

रविवारी देवचाराला रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, द्यायचा होता. देवचार म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. तोही भूतच, पण पुरुष. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्रभर हिंडतो. त्याला दरवर्षी रोट, फेणी आणि विडी. त्याचा रोट ठेवतात त्याच वाटेवरच्या चिंचेत एक खिळा आहे, तो शेवंतीआत्यासाठी. बाबांची ही धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि पोटातल्या बाळासकट गेली. अळवंतीण होऊन छळेल म्हणून तिला झाडाला जखडायला गावाने खिळा मारायचं ठरवलं आणि हातोडा भावाच्याच हातात दिला. बाबा त्या झाडाकडे कधी बघत नाहीत.

देवचाराचं सगळं मांडून झाल्यावर आईने पिशवीतून दुसरा रोट काढला आणि चिंचेखाली ठेवला. हे काय, असं बाबांनी विचारलं.

"देवचार रातभर भोंवता. ताका कोण विचारना, खंय गेल्लो म्हूण," आई म्हणाली. "वयर विडी दितात. आनी हिका खिळो." तिने हात पुढे केला. "एक विडी दियात."

"बायलेक विडी?"

"ती ओढताली. तुमच्याच बंडलातली. आमी दोगी मेळून ओढताल्यो."

मला हसू फुटलं, पण बाबांकडे पाहिलं आणि गिळलं. इतक्या वर्षांनी ते त्या खिळ्याकडे बघत होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी विडी पेटवली आणि रोटाशेजारी अलगद ठेवली.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, की स्कूटरचा दिवा नीट लागतो ना. लागतो, मी म्हटलं.

"तरी फाल्यां सेकंड शिफ्टीक वचचे आदीं दाखय," बाबा म्हणाले.