कुना जगला, त्यानंतर

सुकांती माझी धाकटी जाऊ. आमच्या मेहेरपाड्यात घरोघरी माग आहेत. पुरुष विणतात, आणि रंगात बुडवण्याआधी सुताच्या गाठी बायका बांधतात. सुकांतीच्या गाठी इतक्या बारीक असायच्या की आमच्या सासूबाईही, ज्यांना कुणाचं काही पटत नाही, त्या गप्प बसायच्या. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, ऐन थंडीत तिला मुलगा झाला. लाडानं आम्ही त्याला कुना म्हणायला लागलो.

दोन दिवस बाळ चांगलं प्यायलं. मग तोंड फिरवायला लागलं. अंग गार, हातपाय ढिले. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली." सुकांती त्यांना म्हणाली, "बऊ, हा रडतच नाहीये," आणि ओली बाळंतीण तशीच उठून टेम्पोत बसली. मी आणि तिचा नवरा दिबाकर बरोबर गेलो.

मोठ्या इस्पितळात नवजात बाळांची खोली वेगळी. रक्तात जंतू पसरलेत, असं डॉक्टरबाबूंनी सांगितलं आणि कुनाला आत घेतलं. आई बाहेर. आम्ही व्हरांड्यात चादर अंथरली. पहिली इंजेक्शनं लागू पडली नाहीत, मग जास्त जहाल सुरू केली. त्याची एकविशी, म्हणजे आमच्याकडचं बारसं, तिथंच निघून गेली.

डॉक्टरबाबू सकाळी दारात येऊन सांगायचे, रक्त कसं आहे, वजन किती आहे. सुकांती भलतंच विचारायची.

"सार, माझ्या अंगावर कधी पिईल?"

"नळीनं देतोय ना दूध."

"मला मांडीवर कधी देणार?"

"जंतू लागतील, बाई. आधी जगू दे."

एकदा तिनं विचारलं, "पुढं नीट राहील ना? इतर मुलांसारखा?" ते घाईत होते. म्हणाले, "जगला तर नशीब समजा." ती वाटीत दूध पिळून आत पाठवायची. पिळता पिळता एक दिवस काही येईनासं झालं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "दीदी, हात काढ."

पण कुना जगला. नर्सनं बाळ तिच्या हातात दिलं तेव्हा तिला ते नीट धरताही येईना. डॉक्टरबाबू हसले, म्हणाले, "वाघ आहे तुमचा. वजन करायला आणत जा." त्यांनी मेहनत केली होती हे खोटं नाही. आम्ही सगळे त्यांच्या पाया पडलो.

घरी आल्यावर कुना दिबाकरच्या मागाशेजारच्या झोळीत झोपायचा. धोटा खटखट धावतोय, फणी आपटतेय आणि पोर गाढ झोपलेलं. दिबाकर छाती फुगवून सांगायचा, "विणकराचं रक्त आहे!" सासूबाई माझ्या पोरांना टोमणे मारायच्या, "शिका जरा. किती गुणी आहे बघा." वजन करायला सुकांती न चुकता जायची. इस्पितळातले लोक त्याला काट्यावर ठेवायचे, म्हणायचे, "छान." त्यापलीकडे कुणी काही बघितलं नाही, काही विचारलं नाही.

नुआखाईच्या सणाला नवं धान देवीला दाखवलं आणि अंगणात ढोल आणि निशाण, म्हणजे आमचे नगारे, वाजायला लागले. पाड्यातली सगळी तान्ही पोरं दचकून रडली. आयांनी त्यांचे कान झाकले. कुना वाजवणाऱ्याकडे पाठ करून सुकांतीच्या बांगडीशी खेळत होता. सुकांतीनं त्याला हाक मारली. मग ओरडून मारली. मग आत जाऊन पितळी थाळी त्याच्या मागं आपटली. दिबाकर खेकसला, "काय वेडेपणा लावलायस सणासुदीला?" ती थाळी आपटतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत इस्पितळात. तिथून त्यांनी शहरात पाठवलं, तिथं कानाच्या तपासणीत पोराला ऐकू येत नाही असं निघालं, मग पुन्हा त्याच डॉक्टरबाबूंसमोर.

"आजारामुळे असेल, त्या इंजेक्शनांमुळेही असेल," ते म्हणाले. "पण ती दिली नसती तर पोर गेलं असतं."

"दिलीत ते बरंच केलंत," सुकांती म्हणाली. "कानाला असं होऊ शकतं, हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होऊ शकतं, हे माहीत असतंच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्या वेळी तुम्हाला कशाला घाबरवायचं? आणि एवढा उशीर का केलात? लवकर आला असता तर लवकर यंत्र लावलं असतं, बोलण्याला फायदा झाला असता."

सुकांती हसली. असं हसू मी तिचं आधी कधी पाहिलं नव्हतं. "मी दर महिन्याला याच दारात येत होते, सार. वजन करायला."

यंत्र मिळालं. कुना ते उपटून फेकतो. चार वर्षांचा झाला, पण आईला "बऊ" म्हणत नाही, पदर ओढतो. पाहुणे आले की सासूबाई यंत्र डब्यात लपवतात आणि सांगतात, "हा पोटात असताना ग्रहणात सूत बांधत बसली होती ही. मी नको म्हणत होते." दिबाकर ऐकतो आणि धोटा जोरात फेकतो. दुसरं मूल होऊ द्यायला सुकांती तयार नाही. त्यावरून घरात भांडण होतं. मी मध्ये पडले तर मलाही ऐकून घ्यावं लागतं.

गेल्या थंडीत शेजारच्या जयंतीची मुलगी तशीच गार पडली. सुकांती कुनाला माझ्याकडे टाकून तिच्याबरोबर गेली. मी दुसऱ्या दिवशी त्याला सासूबाईंकडे ठेवून भात घेऊन पोचले तेव्हा ती त्याच दारात उभी होती. आता डॉक्टर नवे होते, तरुण.

"सार, घरी सोडण्याआधी हिचे कान तपासाल ना?"

"अहो, आधी जगू तर दे."

"जगेल. मग तपासाल?"

"तुम्ही आई आहात का?"

"नाही."

"मग बाजूला व्हा," ते म्हणाले आणि आत गेले. जयंती रडत होती. सुकांतीचा दंड धरून तिला मागं ओढत म्हणाली, "असलं अभद्र बोलू नकोस गं. माझी पोरगी अजून आत आहे. तू जा घरी."

सुकांतीनं चादर जयंतीच्या अंगावर टाकली आणि माझ्याबरोबर बसस्टँडकडे चालू लागली.