नारिंगी टोपी

आमच्या हॉलमध्ये एकशेचाळीस बायका टूना साफ करतात. शिजलेला मासा पुढ्यात येतो, सुरीने कातडं काढायचं, काटा काढायचा, काळं मांस मांजरांच्या खाण्याच्या डब्यांसाठी बाजूला, पांढरं आपल्या ट्रेमध्ये. एकोणीस वर्षं मी अकरा नंबरच्या टेबलावर आहे. माझा, म्हणजे आउरिस्तेलाचा, राग नाकावर असतो हे सगळ्या मान्ता बंदरात ठाऊक आहे. आत्ताही राग आलाय, फक्त या वेळी तो माझाच मला आलाय.

मार्चमध्ये राजधानीहून, कीतोहून, इंजिनियर हाकोमे आले. माशाचा चुरा करून डब्यात भरणं आता पुरे, लांब अख्खे तुकडे काचेच्या बरण्यांत पाठवायचे, असं कंपनीने ठरवलं होतं. महिनाअखेर जमलं नाही तर गिऱ्हाईक जाणार आणि आमचा हॉल बंद होणार. नोटिसा लागल्या, तीनदा शिकवून झालं. बायका माना डोलवायच्या आणि टेबलावर येऊन पुन्हा जुन्याच हाताने मासा पिळायच्या.

मग हाकोमेंनी एक कागद वाटला. काम अडलं तर कुणाला विचारता, एवढाच प्रश्न. ब्याऐंशी जणींनी माझं नाव लिहिलं. त्यांनी मला बोलावून नकाशाच दाखवला. प्रत्येक बाई म्हणजे एक ठिपका, आणि माझा ठिपका तव्याएवढा. म्हणाले, सुपरवायझरचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतात, तर तुम्हीच सांगा. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. जेवणाच्या सुट्टीत चौघींना हळूच दाखवायचं, त्या आणखी आठ जणींना दाखवतील, असा माझा सरळ हिशेब होता.

पण त्या शहाण्याला तेवढ्यावर राहवलं नाही. सोमवारी सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर नारिंगी टोपी चढवली, बाकी सगळ्यांच्या पांढऱ्या असताना. वर टाळ्याही वाजवल्या, एकट्यानेच.

त्या दिवसापासून मी जवळ गेले की बोलणं बंद. एरवी दिवसातून वीसदा हाक यायची, आता एकही नाही. दिओसेलिना तेवढी बोलायची. बारा वर्षं ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी आहे, तिच्या पोरीची मी धर्मआई. तीसुद्धा एकदा म्हणाली, टोपी काढ गं, ऑफिसशी बोलल्यासारखं वाटतं. काढून ठेवली, तरी फरक पडला नाही. दहा दिवस उरले आणि ट्रेमध्ये नुसता चुरा. कंपनीच्या बसमध्ये जागा असून मी उभीच राहायचे, बसवतच नव्हतं.

शेवटी हाकोमेंच्या दारात गेले. म्हटलं, सगळ्यांसमोर माझा अपमान करा, तीन दिवस घरी पाठवा. ऑफिसने झिडकारलेली बाई पुन्हा बायकांची होते. माणूस भला, कपाळावर घाम आला त्यांच्या, पण कबूल झाले. काय काय बोलायचं ते मीच त्यांना शिकवलं. दिओसेलिनाला सांगितलं नाही. तिच्या मनातलं तोंडावर दिसतं, आणि अर्धा हॉल तिचं तोंड बघत असतो.

बुधवारी सकाळी ते आले आणि शिकवलं होतं त्याच्याहून जास्त बोलले. मुद्दाम पुन्हा घातलेली टोपी मी जमिनीवर फेकली. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. तेवढ्यात दिओसेलिना टेबल सोडून तरातरा पुढे आली, हाकोमेंच्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाली, "एकोणीस वर्षं राबलेल्या बाईशी असं बोलता? आई नाही का तुम्हाला?"

बोट उजव्या हाताचं होतं. ती डावखुरी आहे. डाव्या हातात सुरी तशीच होती.

सुरी घेऊन टेबल सोडलं की नोकरी गेली, ऐकून घेणं वगैरे काही नाही. मागे एकीचं पोट फाटलं तेव्हापासूनचा नियम. सुपरवायझरने पाहिलं, कॅमेऱ्याने पाहिलं. दिओसेलिनाने हाताकडे बघितलं आणि सुरी हळूच जवळच्या ट्रेमध्ये ठेवली. हाकोमे माझ्याकडे बघत होते. मी एक वाक्य बोलले असते, हे सगळं नाटक आहे म्हणून, तर त्यांनीच तिला वाचवलं असतं. पण मग हॉलमधल्या एकीनेही माझं पुन्हा कधी ऐकलं नसतं. मी खाली बघत उभी राहिले. लाज वाटते सांगायला, पण तशीच उभी राहिले, आणि त्याच दिवशी तिला काढलं.

तीन दिवसांनी परत गेले तर बसमध्ये चौघींनी सरकून जागा दिली. दुपारी पहिलीने विचारलं, तुकडा मोडू नये म्हणून काय करायचं गं? मी दाखवलं. जरा निवू द्यायचा, पिळायचा नाही, अंगठा काट्याखालून सरकवायचा. संध्याकाळपर्यंत ते बाविसाव्या टेबलापर्यंत पोचलं होतं. शेवटच्या दिवशी बरण्या पास झाल्या. हॉल वाचला. सगळ्या नाचल्या, मला मात्र तिथे थांबवेना.

रविवारी दिओसेलिनाकडे गेले. ती दारात कढई मांडून कोर्विचे, म्हणजे आत मासा भरलेले केळ्याचे वडे, तळून विकत होती. मला बघून हसली, गरम कोर्विचे हातात दिला आणि हॉल वाचला हे ऐकून बरं वाटलं म्हणाली. तो हातात धरून मी सगळं सांगून टाकलं. टोपी, नकाशा, शिकवलेले शब्द, सगळं.

ती तळत राहिली. कढईतला एक उलटत म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. मग त्यांनी विश्वास ठेवला नसता."

"म्हणजे मीही त्या एकशेचाळिसांतलीच."

मी म्हटलं, उद्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगते, तुला परत घ्यायला लावते. तिने झाऱ्याने तेल निथळवलं.

"तिथे काय सांगायचं ते सांग. इथे उभी राहू नकोस, गिऱ्हाइकं थांबलीत."

खरंच, माझ्यामागे दोन माणसं उभी होती. मी बाजूला झाले आणि त्यांना वाट दिली.