सैतानाचे वॉल्ट्झ आणि कांबळ्याचा तुकडा

मित्रांनो, प्रस्तुत आत्मवृत्तात मी माझा जन्म, माझी सेवा व माझ्या घरात झालेली एक हानी यांचे यथामती निवेदन करणार आहे. कृपया शांत चित्ताने ऐकावे.

मी एक जुना, काळा, उभा पियानो आहे. कारखान्यात सुतारांनी माझा देह घडवला, तारा ताणल्या आणि प्रत्येक तारेसमोर लोकरीची टोपी घातलेला चिमुकला हातोडा बसवला. पट्टी दाबली की हातोडा तारेवर पडतो व मी बोलतो. पुढे पुस्तके बांधणाऱ्या एका बुकबाइंडरने मला दुकानावरच्या खोलीत आणले. जिना अरुंद होता. हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करीत मला वर चढवले.

बाइंडरची मुलगी मला काळूदादा म्हणे व माझी धूळ आपल्या बाहीने पुसे. संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिने सैतानाचे वॉल्ट्झ निवडले. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचे गिरक्यांचे नृत्य. यात सैतान मेजवानीत पाहुणा बनून येतो व नवरीला नाचवत पळवतो. डावा हात ठेका धरतो, उजवा हात अंगात आल्यासारखा धावतो. ती वाजवू लागली की माझ्या तारांना जन्माचे सार्थक वाटे.

परंतु शेजारी कुरकुरू लागले. घरात तिची आत्या होती. मायाळू, पण जिभेने तिखट. ती म्हणाली, "सैतानाला बोलवायचंच तर बोलव बाई, पण जरा हळू आवाजात."

दुसऱ्या दिवशी आत्याने जुन्या कांबळ्याचा तुकडा अचूक मापात कापून, आवाज दबावा म्हणून, माझ्या हातोड्यांच्या व तारांच्या मध्ये टांगला. हेतू वाईट नव्हता. त्या घरी नुकतीच बांधलेली पुस्तके दाबाखाली ठेवीत. दाबले की वस्तू सुधारते, अशी सर्वांची श्रद्धाच होती. माझे सूर जुळवणारा कारागीर म्हणाला की हे म्हणजे गळा दाबून गायला लावणे आहे. त्याला परीक्षेनंतर यायला सांगण्यात आले.

मुलगी बिचारी स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून अधिकाधिक जोराने पट्ट्या दाबू लागली. उजवे मनगट सुजले. तिने त्याला पुस्तकाच्या पाठीला लावायची कापडी पट्टी गुंडाळली आणि कोणास काही सांगितले नाही. मला सारे कळत होते, पण माझ्या तोंडात कांबळे होते.

परीक्षेहून ती लवकर परतली.

"सैतान यायच्या आधीच मनगट थांबलं, आत्या," एवढेच ती बोलली. आत्याने शेकायला पाणी तापवले.

त्यानंतर माझे झाकण मिटले. माझ्यावर पुस्तकांचे गठ्ठे आले. मुलगी दुकान सांभाळू लागली.

पुष्कळ वर्षांनी, थकलेल्या आत्याने एके दिवशी गठ्ठे उतरवले आणि कसरीने खाल्लेले ते कांबळे बाहेर ओढले. "वाजव गं."

"उजवा हात चालत नाही, आत्या."

"डावा तर आहे?"

तिने डाव्या हाताने ठेका धरला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. माझा आवाज मोकळा होता. आत्या माझ्या कडेला हात टेकून, उजव्या हाताचे वरचे सूर कधी येतात याची वाट पाहत, ठेका संपेपर्यंत उभी राहिली.

मित्रांनो, घरात कोणी वाजवत असेल तर जरा गोंगाट सोसा. कांबळे काढता येते. हात परत लावता येत नाही.

वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
काळूदादा