चार बोटं जास्त

"हलू नकोस म्हणावं तिला," तोंडातल्या टाचण्या सांभाळत मी म्हणाले.

हुस्नानं ते गेसाला तिच्या भाषेत सांगितलं, आणि वर पदरचं काहीतरी जोडलं असणार, कारण गेसा हसली आणि आणखीच हलली.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या आईनं आजवर दोघींनाच टाचणी टोचलीय. दोघीही अशाच हसत होत्या."

गुरुवार होता. सोमवार-गुरुवारचे माझे रोजे असतात. हुस्नाचे वडील समुद्रावरून परतले नाहीत तेव्हापासून एकही चुकलेला नाही. अशा दिवशी मी कमी बोलते. पण समुद्राकाठच्या खानावळीची मालकीण एकट्या आलेल्या परदेशी बायका माझ्याकडेच पाठवते. आमच्या गावात बाईनं काय घालावं ते चौकातल्या फलकावर चित्रासकट लिहिलेलं आहे. पण फलक वाचून कुणाला कपडे बेतता येत नाहीत.

गेसाची पिशवी मी पलंगावर उलटी केली होती. त्यातला पांढरा पायजमा बाजूला ठेवला. "हा इथंच राहू दे. सावलीत शहाण्यासारखा वागतो, उन्हात गेला की सगळं सांगत सुटतो. सदरा मांडीपर्यंत हवा. रुमाल छातीवरून आडवा घे आणि हनुवटीखाली टाचणी लाव, गाडीवर वारा लागतो. आणि सुती घाल गं बाई, नायलॉननं जीव उबतो."

गेसानं काहीतरी विचारलं. हुस्ना म्हणाली, "ती म्हणते, चार दिवस झाले, मला कुणी अवाक्षर बोललं नाही. मग इतकं कशाला?"

"सांग तिला."

"सांगितलं. म्हटलं, तुला नाहीच बोलणार. तू पाहुणी. मला बोलतील."

गेसासाठी बेतलेल्या स्कर्टची दुमड घोट्याशी टाचत होते तेव्हा हुस्ना वाकून म्हणाली, "बास, माक. एवढी लांबी पुरे." आईला आमच्याकडे माक म्हणतात.

"आज गुरुवार आहे. पुलावर नुरबैती बसते. चार बोटं जास्त असलेली बरी."

खरं सांगायचं तर ती चार बोटं मी पाहुणीसाठी सोडली नव्हती. हुस्ना सहा वर्षं चौथीच्या वर्गाला हंगामी शिकवत होती. कायम करण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. आणि पुलावर बायकांचे कपडे तपासणाऱ्या गस्तीच्या वहीत नाव चढलं, की ती वही शाळांच्या कचेरीत जाते आणि पत्र तिथंच अडतं, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाहुणी नीट झाकलेली असली की तिच्याबरोबरच्या बाईकडेही गस्त फारशी बघत नाही. एवढाच माझा हिशेब.

त्या वहीशी माझंही नातं होतं. मागच्या रमजानआधी नुरबैती स्वतः माझ्या घरी आली होती. लहानपणी आम्ही दोघी एकाच उस्तानीपुढं कुराण वाचायला शिकलो. आता ती गस्तीतल्या बायकांची प्रमुख आहे. तंग विजारीतल्या बायकांना अडवलं की घालायला द्यायचे स्कर्ट तिला हवे होते, चाळीस. कापड पिस्ता रंगाचं, सगळ्यांना ओळखू यावं असं. मी शिलाईचे पैसे घेतले नाहीत. झाकण्याचं काम पुण्याचं, असं मनात धरून शिवले, पण हुस्ना शाळेत असताना, तिला न सांगता. प्रत्येकाला उजव्या कुशीत एक चोरखिसा लावला, तो तिनं सांगितला नव्हता. रस्त्यात चारचौघांत अडवलेल्या बाईला हात कुठं ठेवावे ते सुचत नाही, असं मला वाटलं होतं.

दोघी हुस्नाच्या मोटारसायकलवरून पलीकडच्या टेकडीवरच्या पिराच्या मजारीला निघाल्या. गेसा मागं एका बाजूला पाय सोडून बसली, आम्ही बसतो तशी. मी दारातून पाहिलं. दिसायला छान दिसली.

साडेपाचला फोन आला. "माक, पुलावर या," एवढंच हुस्ना बोलली.

मी सायकलरिक्षात बसले तेव्हा ओठ कोरडे पडले होते. रस्ताभर तस्बीचा एकही मणी सरळ पुढं सरकला नाही.

पुलाच्या अलीकडे निळ्या ताडपत्रीखाली नुरबैतीचं टेबल होतं. वही उघडी. गेसा खुर्चीवर, तिच्या हातात गस्तीनंच दिलेला चहा, अंगावर हुस्नाचा स्कर्ट. हुस्ना उभी होती. खाली अंगाला बिलगलेली काळी विजार, आणि कमरेला पुढून गुंडाळलेला एक फाटका, ग्रीस लागलेला तुकडा. मी सकाळी दुमडलेलं कापड.

गस्तीतली एक पोरगेली बाई कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होती, "पुढून मशीद, मागून बाजार."

"काय झालं?" मी हुस्नाला विचारलं.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. परतीच्या उतारावर गेसाच्या स्कर्टचा काठ गाडीच्या चेनमध्ये गेला. आम्ही बायका बसल्या बसल्या काठ गोळा करून मांडीत दाबून धरतो. हे इतकं हाडीमासी भिनलेलं, की कुणाला सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही. गेसानं दोन्ही हातांनी सीट धरली होती. चेननं कापड गुडघ्यापर्यंत ओढून नेलं. वस्तऱ्याच्या पात्यानं कापून सोडवावं लागलं. तिच्या आत आखूड चड्डी. हुस्नाच्या स्कर्टखाली विजार होती. हुस्नानं आपला काढून तिला दिला. घरी यायला पूल एकच.

चार बोटं. मी मान खाली घातली.

"बस, मरहामा," नुरबैती म्हणाली. तिनं अजून लिहिलं नव्हतं. पेनाचं टोपण काढलेलं होतं. "कालच एका कोळणीच्या लेकीचं नाव चढवलंय मी. ती रडली, तिची आई पाया पडली. आज तुझी लेक म्हणून गाळलं, तर त्या कोळणीला मी काय तोंड दाखवू?"

"गाळ असं मी म्हटलेलं नाही."

"म्हणणार नाहीस, ठाऊक आहे." तिनं आवाज खाली आणला. "पण एक वाट आहे. परक्या देशाच्या बाईचं नाव वहीत घेत नाही आम्ही. समज देतो, संपलं. पाहुणीनं हट्टानं स्कर्ट मागून घेतला, असं असेल तर दोष पाहुणीचा. हुस्नाचा नाही. मी तेवढंच लिहीन."

हुस्ना लगेच म्हणाली, "तिनं मागितला नाही, मावशी. ती नकोच म्हणत होती. मीच तिच्या अंगावर टाकला."

"तुला विचारलं का? वर्गात मुलं अशीच मध्ये बोलतात का तुझ्या?"

गेसाला बोलण्यातलं काही कळत होतं, काही नाही. तिनं हुस्नाला विचारलं, मग छातीवर हात ठेवून मान डोलावू लागली. ती स्वतःवर घ्यायला तयार होती, हे भाषा न कळताही दिसत होतं.

"बघ," नुरबैती म्हणाली, "तिला कबूल आहे. आता तू तेवढं सांग, मरहामा. तुझा आज रोजा आहे. तू बोललीस की माझ्या माणसांनाही पुरे आहे. पाहुणीनं मागितला ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पुलाखाली भरतीचं पाणी खांबांना लागत होतं. मला एकच शब्द बोलायचा होता, तोही होकाराचा. पाहुणीचं काही बिघडणार नव्हतं. चार दिवसांनी ती विमानात बसली असती. आणि माझ्या लेकीची सहा वर्षं त्या शब्दावर टांगलेली होती. मी हुस्नाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. सांगा असंही नाही आणि सांगू नका असंही नाही. नुसती नदीकडे बघत होती.

लहानपणी तिनं एकदा वाटीतली साखर खाऊन मांजरीवर ढकललं होतं. मी तिला मारलं नव्हतं. मांजरीची क्षमा मागायला लावली होती.

"पाहुणीनं मागितला नाही," मी म्हणाले. "हुस्नानं दिला. आणि पाहुणीचा स्कर्ट चार बोटं लांब मी बेतला होता. वहीत माझंही नाव घे."

"शिंपिणीचं नाव घ्यायला वहीत रकाना नाही," नुरबैती म्हणाली. "मरहामा, तू तेव्हाही उस्तानीपुढं अशीच होतीस." मग तिनं लिहिलं. तिचं अक्षर चांगलं आहे, पहिल्यापासून.

मग त्या पोरगेल्या बाईनं खोक्यातून एक पिस्ता रंगाचा स्कर्ट काढून हुस्नाच्या हातात दिला. विजारीवर तो चढवताना हुस्नाचा हात उजव्या कुशीशी थांबला. तिनं चोरखिशात बोटं घातली, शिवण चाचपली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही शिवलेत," ती म्हणाली.

तेवढ्यात अजान झाली. नुरबैतीनं टेबलाखालचा पाण्याचा पेला उचलून माझ्यापुढं केला, आणि मी तिच्याच हातच्या पाण्यानं रोजा सोडला.

घरी जाताना गेसा रिक्षात माझ्याशेजारी रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. हुस्ना गाडीवर आमच्या पुढं, सावकाश, काठ मांडीत दाबून. त्या रात्री तिनं मला काही विचारलं नाही. जेवण वाढलं, ताटात मासा नेहमीसारखा मला मधला दिला. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पत्र महिनाअखेरीस आलं, पाचवीच्या शिक्षिकेच्या नावानं. हुस्ना तिचं अभिनंदन करून आली आणि आम्ही तो विषय मिटवला.

तो पिस्ता रंगाचा स्कर्ट मात्र मी धुऊन, गुंडाळून, कपाटाच्या तळाशी ठेवला होता. त्यानंतरच्या सोमवारी पहाटे, माझं सहरीचं जेवण आटोपत होतं तेव्हा ती तो घेऊन आली.

"माक, ह्याला इस्त्री करून देता? आज हाच घालते."

"शाळेत? अगं, सगळे ओळखतील."

"ओळखू देत. माझ्या वर्गात त्या कोळणीच्या घरची पोर आहे. तिची बहीण आठ दिवस घराबाहेर पडली नाही." मग थोडं हसून म्हणाली, "आणि गावात ह्याच्याएवढी चांगली शिलाई दुसऱ्या कुणाची आहे?"

मी इस्त्री तापवली. चुण्या एकेक सरळ केल्या, काठावर पाणी शिंपडलं. लांबी बरोबर घोट्यापर्यंत होती, बोटभरही जास्त नाही.

ती निघाली तेव्हा मी दारात उभी होते. गल्लीच्या टोकाला दोन बायका बोलता बोलता थांबल्या. हुस्नानं त्यांना सलाम केला. उजवा हात चोरखिशात होता. खडू त्यातच ठेवले होते तिनं.