पदराखालचे हात

सिद्धू जन्माचा बहिरा, म्हणून मुका. पण घरात त्याचं कधी काही अडलं नाही. लांडगा दिसला की तो बोटांच्या नख्या करून दाखवी, पाणी आटलं की तळहात कोरडा झटके. आईला हाक मारायची तर स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवी, कारण हरणाबाईच्या हनुवटीवर गोंदण होतं. सिद्धूच्या कानात बाळी होती, म्हणून हरणाबाई त्याला बोलवताना कानाची पाळी ओढी. मायलेकरं दिवसभर अशी बोलत, आणि सिद्धूचा बाप बिराप्पा म्हणे की या दोघांच्यात मला बोलायला जागाच मिळत नाही.

सेहेचाळीस साली बिराप्पा लोकर घेऊन सांगलीला गेला, तेव्हा अशा पोरांना बोलायला शिकवणारी शाळा निघाल्याचं त्याला कळलं.

"देवानं मिटल्यालं तोंड मास्तर उघडतोय व्हय?" तो घरी येऊन हसला.

हरणाबाई हसली नाही. "आवं, एकदा तरी त्याच्या तोंडून आई ऐकू द्या मला."

त्यापुढे बिराप्पाचं काय चालणार!

शाळेचे मास्तर तळमळीचे होते, उगाच खोटं कशाला बोला. पोराचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकच अक्षर घसा बसेपर्यंत म्हणत. पण त्यांची एक अट होती. हातांनी बोलणं बंद, सुट्टीत घरीसुद्धा.

"तुम्ही हात हलवलेत की त्याची जीभ आळसावणार," ते म्हणाले. "जग हातांनी बोलत नाही, बाई."

हरणाबाईला हे नीट कळलं नाही. मग इतकी वर्षं आपण काय करत होतो? पण शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिनं मान डोलावली.

दिवाळीला सिद्धू घरी आला. अंगणात उभा राहिला, तोंड वासलं आणि जाड, ओढलेल्या आवाजात म्हणाला, "आ-ई."

हरणाबाई ढसाढसा रडली. वाडीतल्या बायका गोळा झाल्या. धोंडुबाई आत्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर तो तिलाही "आई" म्हणाला. बिराप्पानं गूळ दिला, त्यालाही "आई". सगळे हसले. हरणाबाईही हसली, पण मग तिला प्रश्न पडला. यानं नक्की हाक कुणाला मारली?

पुढचे दिवस वाईट गेले. पोरगं काहीतरी सांगायला हात उचली आणि ही तोंड फिरवी. स्वतःचे हात आवरेनात, म्हणून ती ते पदराखाली घेऊन बसे. तो ओठ हलवी, तिला ओ की ठो कळत नसे. एकदा तो तिच्यापुढं बसून रडला, आणि काय दुखतंय हे विचारायचीसुद्धा तिला चोरी.

"बोलतंय तर खरं," बिराप्पा म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "पर कुनाशी?"

सुट्टी संपली तशी दोघं त्याला सांगलीला सोडायला गेली. मास्तर दारातच उभे होते. आता पुढच्या सुट्टीपर्यंत पोर दिसणार नाही, या विचारानं हरणाबाईचा धीर सुटला. तिनं पदरातून हात काढला आणि हळूच कानाची पाळी ओढली.

सिद्धूनं पाहिलं. त्याचं बोट हनुवटीकडे निघालं. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं.

तो पुढे आला. त्यानं आईचे दोन्ही हात धरून खाली केले, त्यांवर पदर नीट ओढला, आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आई."

इतकं स्वच्छ तो आजवर कधी बोलला नव्हता.

"शाबास," मास्तर म्हणाले. सिद्धू खुलला आणि आत पळाला.

"चांगलं म्हनला न्हवं?" रस्त्यात बिराप्पानं विचारलं. हरणाबाईला कळेना, हसावं का रडावं, आणि राग आलाय तो कुणाचा. मोटार येईपर्यंत तिनं हात पदराबाहेर काढले नाहीत.