सतरा नंबरच्या शिक्क्याचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना, जळका शिक्का आहे. जळका म्हणजे भाजलेला नव्हे हं! दुसऱ्याचं बरं झालं की ज्याच्या पोटात दुखतं, तो जळका. मला पोट नाही. एक लाकडी मूठ आहे आणि तिच्या तळाशी तांबड्या रबराचा तुकडा आहे. पण दुखायचं ते दुखतंच!

माझा जन्म शिक्के बनवणाऱ्या एका अरुंद दुकानात झाला. रबराच्या एकाच चादरीतून आम्ही पंचेचाळीस भावंडं एकाच दिवशी कापली गेलो. कारागिराने प्रत्येकाच्या तोंडावर एकेक आकडा उलटा कोरला, कारण आमचं तोंड उलटं असेल तरच कागदावर सुलटं उमटतं. माझ्या वाट्याला सतरा आला. पहिला ठसा पाहून कारागीर म्हणाला, "वा! हा सगळ्यांत सुबक उतरला." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. जपून ठेवलंय मी ते, कारण दुसरं लवकर मिळालंच नाही.

आम्हा सगळ्यांना एका वकीलबाईंच्या कचेरीत नेलं. लोक तिथे आपल्या मालाच्या नावाची नोंद करायला येत. म्हणजे आपल्या साबणाचं नाव शेजारच्याने उचलून त्याच्या साबणाला लावू नये, एवढ्यासाठी. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. जगातला सगळा माल आणि सगळी कामं पंचेचाळीस वर्गांत वाटलेली आहेत. आपला माल कुठल्या वर्गातला, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की कारकूनकाका फायलीच्या पुठ्ठ्यावर त्या वर्गाचा शिक्का मारत आणि वकीलबाई तो आकडा बघून अर्ज भरत. अर्ज एकदा सरकारी नोंदणी कचेरीत गेला की वर्ग बदलता येत नसे. चुकलं तर नवा अर्ज आणि रांगेत पुन्हा शेवटून!

खिडकीपाशी एक लाकडी घोडी होती. तिच्यावर आम्ही ओळीने टांगलेलो असायचो. आणि तिथूनच माझ्या जळण्याला सुरुवात झाली.

पंचवीस नंबर कपड्यांचा आणि चपलांचा. त्याला दिवसभर उसंत नाही! तीस नंबर चहा-बिस्किटांचा, तो तर शाईने कायम ओला. तीन नंबर साबण-अत्तरांचा, त्याच्या फायलींनाही सुवास यायचा म्हणे. आणि मी? रबराच्या चादरी, प्लास्टिकचे पत्रे, लवचिक नळ्या, नळातले वायसर, वीज नाहीतर उष्णता अडवणारी वेष्टनं. भिंतीच्या आत, नळाच्या पोटात, तारेच्या अंगावर राहणारी माणसं आमची! त्यांची नावं कोण मिरवणार?

बरं, रबर तरी पुरतं माझं म्हणावं? छे! त्याचं टायर झालं की गेलं बारा नंबरकडे. चप्पल झाली की पंचवीसकडे, चेंडू झाला की अठ्ठावीसकडे. लहानाचं मोठं मी करायचं आणि नटूनथटून नांदायला दुसऱ्याच्या घरी!

पण सगळ्यांत जास्त मी जळायचो ते शेजारच्या सोळावर. कागद, पेनं, गोंद, खोडरबर असला सगळा शाळेच्या दप्तरातला पसारा त्याचा. काकांच्या हाताने त्याची मूठ घासून गुळगुळीत झाली होती, आरशासारखी चकाकायची. माझ्या मुठीवर धूळ. तो दिवसातून दहा वेळा जाऊन यायचा आणि आल्यावर शाईचा थेंब टपकन माझ्या अंगावर पाडायचा. मुद्दाम नाही पाडायचा, हे मला कळत होतं. म्हणून तर जास्त राग यायचा!

सहा-सहा महिने माझ्याकडे कुणी बघायचं नाही. खिडकीतून दुपारचं ऊन थेट माझ्या तोंडावर पडे. उष्णता अडवणाऱ्या वर्गाचा शिक्का मी, आणि स्वतःला ऊन अडवता येईना!

एका शुक्रवारी सकाळी दोन बायका कचेरीत आल्या. एक वहिनी आणि दुसरी तिची नणंद. दोघींच्या बोटांना काळा चिकटा लागलेला. वहिनीने पिशवीतून एक काळं वेटोळं काढून टेबलावर ठेवलं.

"काका, आम्ही दोघी घरामागच्या खोलीत ही चिकटपट्टी बनवतो. नाव ठेवलंय 'गोचीड'."

काकांनी चष्मा वर केला. "गोचीड? असलं नाव?"

"का? एकदा धरलं की सोडत नाही!" नणंद म्हणाली. "वहिनीनेच ठेवलं. माझ्याकडे बघून सुचलं म्हणते."

"खोटं नाही ते," वहिनी म्हणाली आणि हसता हसता एकदम गंभीर झाली. "काका, काम आजच करा. आमच्या चुलतदिरांनीही पट्टी काढलीय आणि तिला तेच नाव लावलंय. सोमवारी अर्ज घालणार म्हणून घरभर सांगत फिरतायत. नाव त्यांचं झालं, तर तीन वर्षांची आमची मेहनत पाण्यात."

"काळजी नको, ताई. चिकटपट्टी ना? डोळे मिटून सांगतो," असं म्हणत काकांनी खरंच डोळे न उघडता हात लांबवला आणि उचलला सोळाला. धप्प!

मित्रांनो, मी आतून पेटलो! अहो, ती काळी पट्टी विजेच्या तारेवर गुंडाळायची असते. ती माझी, माझ्या वर्गाची! 'चिकटपट्टी' हा शब्दच मोठा फसवा. वहीला लावायची ती सोळाची, जखमेवर लावायची ती पाच नंबर औषधवाल्याची आणि तारेवरची माझी. नाव एक, घरं तीन! काकांना फक्त रोजचं घर आठवलं.

शिक्का आहे, तर खरं सांगतो! त्या क्षणी मला वहिनीची काळजी नव्हती. नाव गेलं तर तिचं काय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही. माझा घास सोळाने पळवला, एवढंच डोक्यात होतं.

काका फाईल आत न्यायला उठले, तेवढ्यात नणंद म्हणाली, "काका, सोळा म्हणजे काय काय हो?"

"कागद, पेनं, गोंद, चिकटपट्ट्या, खोडरबर, रबरी शिक्के..."

रबरी शिक्के! मित्रांनो, माझ्या मुठीपासून तोंडापर्यंत कळ गेली. म्हणजे मी स्वतः सोळाचा? चादर होतो तोवर मी सतराचा होतो. कापून शिक्का झालो आणि ज्याच्यावर आयुष्यभर जळलो, त्याच्या घरचा झालो! मला सांगा, याहून मोठा अपमान असतो का?

इकडे नणंद कमरेवर हात ठेवून उभी. "आमची पट्टी कागदाला लावून बघा, काका. कागद फाटेल, पण पट्टी निघणार नाही."

"मुली, बावीस वर्षं शिक्के मारतोय मी."

"म्हणूनच म्हणते, बावीस वर्षांत एकदा विचारून मारा!"

"अगं ए, गप!" वहिनी पुटपुटली. पण आवाज आतपर्यंत गेला आणि वकीलबाई बाहेर आल्या. त्यांनी ते वेटोळं उचललं, थोडं ओढून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "ही राबते कुठे?"

"तारेवर," वहिनी म्हणाली. "वीज बाहेर येऊ नये म्हणून."

"मग सतरा. काका, वस्तूला नाव नाही, काम विचारायचं."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरा पुठ्ठा घेतला आणि मला घोडीवरून काढलं. अखेर! मी सोळाकडे असं काही बघितलं, की विचारू नका. शाईच्या गादीवर मी टेकलो, पुठ्ठ्यावर दणक्यात आदळलो आणि उमटला... सात!

नुसता सात. माझा एक उमटलाच नाही. इतक्या वर्षांच्या उन्हाने माझी एक कड वाळून भुगा झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच्या मुठीची चकाकी बघण्यात स्वतःचं तोंड बघायला सवडच कुठे होती मला?

काकांनी पुन्हा मारला. सात. आणखी जोरात मारला. सातच!

"सात कशाचा असतो?" नणंदेने लगेच विचारलं.

"यंत्रांचा," काका घाम पुसत म्हणाले.

वहिनीचा चेहरा उतरला. तिने काळ्या बोटांनी पिशवीचा बंद घट्ट धरला होता. तेव्हा पहिल्यांदा मला ती दिसली. आणि मी मनात म्हणालो, माझं राहू दे, कुणाच्या का हाताने होईना, पण हिचं काम होऊ दे.

काकांनी खिशातून पेन काढलं. पेन म्हणजे पुन्हा सोळाचंच घराणं! त्या पेनाने माझ्या सातच्या डावीकडे ठसठशीत एक काढला आणि त्याखाली सही केली. वकीलबाईंनी सतरा वाचून अर्ज भरला आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो नोंदणी कचेरीत गेला. चुलतदीर सोमवारी तिथे पोचले खरे, पण रांगेत मागे.

बऱ्याच महिन्यांनी नोंदीचा कागद आला. दोघी तो न्यायला आल्या. नणंदेने फायलीचा पुठ्ठा पाहिला आणि फिदीफिदी हसली. "वहिनी, बघ ना, अर्धा छापलेला आणि अर्धा हाताने लिहिलेला!"

"असू दे," वहिनी म्हणाली. "वेळेला उभा राहिला ना?" आणि तिने त्या ठशावरून हळूच बोट फिरवलं. माझं दुसरं कौतुक, मित्रांनो!

आता माझ्या खिळ्यावर नवा सतरा टांगलाय. दोन्ही आकडे टवटवीत, तोंडावर तजेला. मी टेबलाच्या खणात असतो. त्याच्यावर मी जळतो का? जळतो की! थोडासा. पण दर शनिवारी खण उघडला की मी काकांना बघतो. ते नव्या सतराला उन्हातून बाजूला घेतात, कपड्याने पुसतात आणि काम नसलं तरी रद्दी कागदावर त्याचा एक ठसा मारून बघतात. हे कुणी माझ्यासाठी केलं असतं तर, असं वाटून जातं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्या घरातही असं काहीतरी असेल, जे वर्षातून एकदाच लागतं. एखादी शिडी, एखादी बॅटरी किंवा लांब राहणारी एखादी आत्या. त्यांना अधूनमधून बाहेर काढा, पुसा, हाक मारा. कारण ज्या दिवशी त्यांची गरज पडेल, त्या दिवशी त्यांनाही पुरतं उमटायचं असतं.